पाथ आणि इन्क्लूड: विंडोजवरून लिनक्सवर जातानाच्या प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी २०२५

दस्तऐवजांची नोंद ठेवणारी ही वेब-प्रणाली पीएचपीत लिहिलेली असून आजवर ती एकाच विंडोज यंत्रावर चालत आली आहे. आता ती लिनक्स सर्व्हरवर हलवायची आहे, आणि त्यानंतरही गटातील सहकारी आपापल्या यंत्रांवर, म्हणजे विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींवर, तिचे काम करत राहणार आहेत. डेटाबेसचे स्थलांतर आणि पीएचपी ७.४ वरून ८.३ वर जाताना करावे लागणारे बदल यांच्या नोंदी स्वतंत्र ठेवल्या आहेत. येथे विषय एवढाच की फाइलींचे पाथ (फोल्डरांतून फाइलीपर्यंतचे पत्ते) कसे लिहायचे आणि एका फाइलीतून दुसरी फाइल कशी जोडायची.

आज काहीही न बदलता संपूर्ण कोडमध्ये फक्त शोध घेतला. काही फाइलींत 'सी:' पासून सुरू होणारे पूर्ण पाथ आहेत, काहींत डॉक्युमेंट रूटला (वेब सर्व्हर ज्या फोल्डरमधून पाने देतो त्याला) जोडून तयार केलेले पाथ आहेत, काहींत दोन-दोन, तीन-तीन वेळा '../' लिहून वर चढत गेलेले पाथ आहेत, आणि उरलेल्या बहुसंख्य ठिकाणी नुसते फाइलीचे नाव लिहिलेले आहे. पहिला प्रकार दिसायला सर्वांत वाईट असला तरी त्याची मला फारशी काळजी वाटत नाही, कारण लिनक्सवर तो पहिल्याच विनंतीला मोडेल आणि कोणत्या ओळीवर मोडला हेही सांगेल. खरी काळजी नुसत्या नावाची आहे. तो प्रकार मोडेलच असे नाही. प्रसंगी तो भलतीच फाइल उचलतो आणि काहीच न घडल्यासारखे काम पुढे चालू राहते.

११ फेब्रुवारी २०२५

दुसरी फाइल जोडणाऱ्या 'इन्क्लूड' किंवा 'रिक्वायर' या आज्ञांना दिलेल्या पाथवरून पीएचपी फाइल नेमकी कशी शोधते, हे गटातील प्रत्येकाला ठाऊक असावे म्हणून येथे सविस्तर लिहून ठेवत आहे. पाथ पूर्ण असेल, म्हणजे लिनक्सवर '/' ने किंवा विंडोजवर ड्राइव्हच्या अक्षराने सुरू होत असेल, तर शोधाशोध करावीच लागत नाही. पाथ './' किंवा '../' ने सुरू होत असेल, तर तो त्या क्षणी चालू असलेल्या फोल्डरपासून मोजला जातो. ती ओळ ज्या फाइलीत लिहिली आहे तिच्या फोल्डरशी त्याचा काही संबंध नसतो. पाथ या दोन्ही प्रकारांत बसत नसेल, तर 'इन्क्लूड पाथ' या सेटिंगमध्ये दिलेले फोल्डर क्रमाने पाहिले जातात, आणि तेथे काहीच सापडले नाही तरच ती ओळ ज्या फाइलीत आहे तिचा फोल्डर पाहिला जातो. त्या सेटिंगमधील पहिली नोंद बहुधा एकटे टिंब असते, आणि टिंबाचा अर्थ पुन्हा चालू फोल्डर असाच आहे.

आपल्या कोडमध्ये याचा परिणाम काय होतो ते पाहिले. मुख्य फोल्डरमध्ये 'कॉन्फिग.पीएचपी' आहे आणि 'ॲडमिन' फोल्डरमध्येही त्याच नावाची दुसरी फाइल आहे. 'लिब/डेटाबेस.पीएचपी' या सामायिक फाइलीत "इन्क्लूड 'कॉन्फिग.पीएचपी'" अशी ओळ आहे. मुख्य फोल्डरमधील पान उघडले की चालू फोल्डर मुख्य असतो आणि हवी तीच फाइल येते. ॲडमिनमधील पान उघडले की वेब सर्व्हरमार्फत चालणारी पीएचपी त्या पानाचा फोल्डर हाच चालू फोल्डर मानते, त्यामुळे तीच सामायिक फाइल तीच ओळ चालवून दुसरीच कॉन्फिग उचलते. दोन्ही फाइली अस्तित्वात असल्याने इशारा कुठेच उमटत नाही. ॲडमिनच्या कॉन्फिगमध्ये लॉगची पातळी दिलेलीच नाही, म्हणून ॲडमिनमध्ये होणाऱ्या चुकांची नोंद आजवर कधीच झालेली नाही. त्या पानांवर चुकाच होत नाहीत, असा समज त्यामुळे झालेला होता.

'फाइल एक्झिस्ट्स' हे फंक्शन इन्क्लूड पाथ पाहतच नाही, हेही नोंदवून ठेवावे लागेल. फाइल आहे का हे आधी तपासून मग ती इन्क्लूड करण्याची पद्धत काही ठिकाणी काळजीपूर्वक पाळलेली आहे, पण तपासणी एका नियमाने होते आणि इन्क्लूड दुसऱ्या नियमाने. पाथ पूर्ण असेल तेव्हाच ही दोन्ही उत्तरे एकाच फाइलीबद्दल आहेत, अशी खात्री देता येते.

१३ फेब्रुवारी २०२५

आज पद्धत ठरवली. चर्चेत तीन पर्याय होते.

इन्क्लूड पाथमध्ये आपला 'लिब' फोल्डर घालावा, म्हणजे कुठूनही नुसते नाव लिहिले तरी चालेल, असा पहिला प्रस्ताव होता. तो मला मान्य नाही. फाइल वाचणाऱ्याला ती ओळ कोणत्या फाइलीकडे जाते हे कोडमधून कळत नाही, सेटिंग पाहावे लागते; आणि ते सेटिंग पीएचपी.आयएनआय, सर्व्हरचे कॉन्फिगरेशन किंवा चालू असलेली स्क्रिप्ट यांपैकी कुठूनही बदलू शकते. शिवाय या यादीत फोल्डर वेगळे करण्याचे चिन्ह लिनक्सवर ':' आणि विंडोजवर ';' आहे, म्हणजे ज्या भेदातून सुटका हवी आहे तोच भेद मागच्या दाराने पुन्हा आत येतो.

दुसरा पर्याय डॉक्युमेंट रूटचा. वेब सर्व्हरमार्फत चालताना तो बहुतेक वेळा बरोबर उत्तर देतो, पण सर्व्हरवर एलियस (पत्त्याचा एखादा भाग दुसऱ्याच फोल्डरकडे वळवणारी सोय) लावलेला असेल तर डॉक्युमेंट रूट आणि आपल्या प्रणालीचा फोल्डर या दोन वेगळ्या जागा असतात. आज्ञावलीवरून (कमांड लाइनवरून) स्क्रिप्ट चालवली की ते मूल्य रिकामे असते. रिकाम्या मूल्याला '/लिब/डेटाबेस.पीएचपी' जोडले की लिनक्सवर तो थेट मूळ फोल्डरमधील 'लिब'चा पाथ होतो, आणि तशा नावाचा फोल्डर तेथे खरोखरच असतो.

तिसरा, आणि ठरलेला, पर्याय '__डिर__' या स्थिरांकाचा आहे. ज्या फाइलीत तो लिहिला आहे तिच्या फोल्डरचा पूर्ण पाथ तो देतो. स्क्रिप्ट कोणी चालवली, कुठून चालवली, यावर ते मूल्य अवलंबून नसते. २००९ साली आलेल्या पीएचपी ५.३ पासून तो उपलब्ध आहे, आणि त्याआधीच्या कोडमध्ये दिसणारे 'डिरनेम(__फाइल__)' हे तेच काम करते, म्हणून ते जेथे आहे तेथे ते चुकीचे समजू नये. नियम असा ठरला की मुख्य फोल्डरमध्ये 'बूटस्ट्रॅप.पीएचपी' ही एकच फाइल असेल आणि ती आपल्या '__डिर__'वरून 'ॲप_रूट' हा स्थिरांक ठरवेल. ब्राउझरमधून किंवा आज्ञावलीवरून थेट चालणारी प्रत्येक स्क्रिप्ट पहिल्या ओळीत '__डिर__'च्या आधारे ती फाइल रिक्वायर करेल. आणि त्यानंतरचा प्रत्येक पाथ 'ॲप_रूट'पासून सुरू होईल. '__डिर__'च्या शेवटी '/' नसतो, तेव्हा जोडल्या जाणाऱ्या भागाची सुरुवात नेहमी '/' ने करायची. हे किरकोळ वाटेल, पण '/' विसरला की फोल्डरचे आणि फाइलीचे नाव एकमेकांना चिकटते.

पाथ जोडून देणारे एखादे साहाय्यक फंक्शन लिहावे, अशीही सूचना आली होती. मी ती नाकारली. दोन तुकडे जोडण्यासाठी भाषेतच टिंब आहे, आणि संपादकात पाथवर क्लिक करून फाइल उघडण्याची सोय अशा फंक्शनमुळे बहुधा जाते.

'इन्क्लूड' की 'रिक्वायर' या प्रश्नावर फार वेळ घालवला नाही. फाइल सापडली नाही तर इन्क्लूड केवळ इशारा देऊन पुढे जाते आणि रिक्वायर काम थांबवते. कॉन्फिगशिवाय पुढे जाणारी प्रणाली आपल्याला नको आहे, म्हणून सर्वत्र रिक्वायर.

१४ फेब्रुवारी २०२५

तिरक्या रेषांचा प्रश्न अपेक्षेपेक्षा सोपा निघाला, कारण विंडोजवरील पीएचपी '/' सहज स्वीकारते. म्हणून कोडमध्ये सर्वत्र '/' लिहायचा. प्रत्येक पाथमध्ये 'डिरेक्टरी_सेपरेटर' पेरण्याची पद्धत काही फाइलींत होती. त्यामुळे ओळी दुप्पट लांब झाल्या होत्या आणि हाती काहीच लागत नव्हते. ती काढून टाकली. उलट तिरकी रेषा दुहेरी अवतरणात लिहिलेली असेल तर मात्र ती लगेच बदलावी, कारण तिच्यानंतर इंग्रजी 'एन' किंवा 'टी' ही अक्षरे आली की ती नवी ओळ किंवा टॅब होतात आणि फोल्डरच्या नावाचा पत्ता राहत नाही.

कठीण भाग कोडमध्ये नसून डेटाबेसमध्ये आहे. अपलोड झालेल्या दस्तऐवजांचे पाथ तेथे उलट तिरक्या रेषांसह, आणि बऱ्याच नोंदींत ड्राइव्हच्या अक्षरासह, साठवलेले आहेत. लिनक्सच्या दृष्टीने उलट तिरकी रेषा हे फाइलीच्या नावात चालणारे एक साधे अक्षर आहे. त्यामुळे जुना पाथ वाचायला गेल्यास फाइल सापडत नाही एवढेच होते. पण तशा पाथवर लिहायला गेल्यास 'अपलोड\२०१९\अर्ज.पीडीएफ' एवढ्या लांब नावाची एकच फाइल गुपचूप तयार होते. 'बेसनेम' हे फंक्शनही विंडोजवर दोन्ही रेषा ओळखते आणि लिनक्सवर फक्त '/' ओळखते. साठवलेले सर्व पाथ अपलोड फोल्डरपासून सापेक्ष आणि '/' वापरून लिहिले जातील असा बदल डेटाबेसच्या स्थलांतरात एकदाच करून घ्यावा, असे त्या गटाला कळवले आहे. वाचताना दरवेळी रेषा बदलून घेण्याचा तोडगा मी मुद्दाम टाळला, कारण तसे तोडगे कायमचे राहून जातात.

१८ फेब्रुवारी २०२५

प्रत्यक्ष बदल सुरू केले. साध्या शोध-आणि-बदला पद्धतीने इन्क्लूडच्या ओळी गाठणे विश्वासार्ह नव्हते, कारण हा शब्द टिप्पण्यांत, एचटीएमएलमध्ये आणि अवतरणांतल्या मजकुरातही येतो. म्हणून पीएचपीच्याच 'टोकन_गेट_ऑल' या फंक्शनने प्रत्येक फाइलीचे टोकन (भाषेचे सुटे घटक) पाडणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. इन्क्लूड व रिक्वायर यांची टोकने तिच्यात स्वतंत्र ओळखू येतात, त्यामुळे प्रत्येक इन्क्लूडची फाइल, ओळ आणि पुढची अभिव्यक्ती यांची खात्रीची यादी मिळाली. पाथ ठरावीक असलेल्या ओळी स्क्रिप्टनेच बदलल्या. ज्यांत चल (व्हेरिएबल) आहे त्या हाताने पाहण्यासाठी बाजूला काढल्या.

याच वेळी सर्व थेट चालणाऱ्या स्क्रिप्ट 'पब्लिक' फोल्डरमध्ये नेल्या आणि 'लिब' व कॉन्फिग त्याच्या बाहेर ठेवले. जुन्या रचनेत '.इंक' विस्ताराच्या काही फाइली वेब सर्व्हरच्या आवाक्यात होत्या. तो विस्तार पीएचपीकडे सोपवलेला नसेल तर सर्व्हर अशी फाइल साध्या मजकुरासारखी ब्राउझरकडे पाठवतो, आणि त्यांपैकी एकीत डेटाबेसचा पासवर्ड होता. विस्तार बदलून '.पीएचपी' केलाच आहे, पण खरा उपाय ती फाइल सर्व्हरच्या आवाक्याबाहेर असणे हाच आहे.

जोडल्या जाणाऱ्या फाइलींपैकी काहींच्या आरंभी यूटीएफ-८ चे बीओएम (मजकुराचे संकेतन सांगणारी अदृश्य खूण), म्हणजे ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट, सापडले, आणि काहींच्या शेवटी पीएचपीची समाप्ती खूण व तिच्यानंतर रिकाम्या ओळी होत्या. अशी फाइल जोडली की ते बाइट थेट ब्राउझरकडे जातात आणि पुढे हेडर (पानाच्या आधी पाठवायची माहिती) पाठवता येत नाही. जुन्या यंत्रावर आउटपुट बफरिंग (पाठवायचा मजकूर आधी साठवून ठेवणे) ४०९६ बाइटचे होते, म्हणून हे झाकले गेले होते. बीओएम काढले, आणि निव्वळ पीएचपी असलेल्या फाइलींतील समाप्ती खूणही काढली.

२० फेब्रुवारी २०२५

आजचा दिवस लहान-मोठ्या लिपीतील अक्षरांनी खाल्ला. देवनागरीत हा भेदच नसल्याने आपल्याला तो सहज जाणवत नाही, पण फाइलींची मूळ नावे रोमन लिपीत आहेत आणि लिनक्सवरील एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम लहान व मोठे अक्षर वेगळे धरते. विंडोजवरील एनटीएफएस सर्वसाधारणपणे हा भेद करत नाही, आणि मॅकवरील एपीएफएसही मूळ सेटिंगमध्ये तो करत नाही. म्हणजे गटातील बहुतेकांच्या यंत्रांवर ही चूक दिसणारच नाही आणि सर्व्हरवर ती हमखास दिसेल.

यातला सर्वांत फसवा भाग क्लासच्या नावांचा आहे. पीएचपीमध्ये क्लासच्या नावात लहान-मोठे अक्षर वेगळे धरले जात नाही, पण ऑटोलोडर (क्लासची फाइल गरज पडताच आपोआप जोडणारा कोड) त्या नावावरून फाइलीचा पाथ बनवतो, आणि त्या पाथला मात्र हा भेद लागू होतो. त्यामुळे नाव लहान अक्षराने लिहिलेली ओळ, तो क्लास आधी दुसऱ्या कोणी बरोबर नावाने बोलावून लोड झालेला असेल तर चालते, आणि तीच पहिली आली तर मोडते. एकच पान एका वाटेने आल्यास उघडते आणि दुसऱ्या वाटेने आल्यास उघडत नाही, याचे कारण आज सापडले. कंपोझर (पीएचपीच्या लायब्ररी सांभाळणारे साधन) आणि पीएसआर-४ (क्लासच्या नावावरून फाइल शोधण्याचे नियम) वापरायचे ठरलेच आहे. त्या नियमांत फोल्डर व फाइलीचे नाव नेमस्पेस व क्लासच्या नावाशी अक्षराच्या लहान-मोठेपणासह जुळणे बंधनकारक आहे. इतर सर्व फाइली व फोल्डर यांची नावे फक्त लहान अक्षरांत ठेवायची.

नावे बदलताना फाइल एक्स्प्लोररमधून बदलू नयेत. अक्षराचा भेद न करणाऱ्या यंत्रावर गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) 'कोअर.इग्नोअरकेस' चालू असते, त्यामुळे केवळ अक्षराचा लहान-मोठेपणा बदलला तर गिटला तो बदल दिसत नाही आणि सर्व्हरवर जुनेच नाव राहते. गिटच्या 'मूव्ह' आज्ञेनेच नाव बदलावे. लिनक्सवर काम करणाऱ्यांसाठी उलट सूचना: 'ऑक्स', 'कॉन', 'पीआरएन', 'नल' ही उपकरणांची नावे विंडोजने राखून ठेवलेली आहेत, पुढे विस्तार जोडला तरी. साहाय्यक फंक्शनांच्या फाइलीला 'ऑक्स.पीएचपी' हे नाव देण्याचा मोह होतो, आणि मग विंडोजवर ती फाइल उतरवताच येत नाही.

२५ फेब्रुवारी २०२५

रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट तपासल्या. आज्ञावलीवरून चालणारी पीएचपी चालू फोल्डर बदलत नाही. आज्ञा जेथून दिली तोच फोल्डर कायम राहतो. क्रॉन (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणारी लिनक्सची सोय) सर्वसाधारणपणे वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधून आज्ञा चालवतो. इन्क्लूड आता पूर्ण पाथने होत असल्याने ते सुरळीत चालले, पण अहवाल लिहिणाऱ्या स्क्रिप्टने 'लॉग/रात्र.टीएक्सटी' या सापेक्ष पाथवर फाइल उघडण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. टोकन पाडणाऱ्या यादीत ही ओळ नव्हती, कारण ते इन्क्लूड नसून 'एफओपन' आहे. तेव्हा यादीत 'एफओपन', 'फाइल_गेट_कंटेंट्स', 'फाइल_पुट_कंटेंट्स', 'मेकडिर', 'अनलिंक' आणि त्यांची भावंडे घालावी लागली.

स्क्रिप्टच्या आरंभी 'चेंजडिर' करून चालू फोल्डर मुख्य फोल्डरवर आणावा, म्हणजे सारे सापेक्ष पाथ जसेच्या तसे चालतील, ही सूचना आज पुन्हा आली. वेळ वाचतो हे खरे आहे. पण मग प्रत्येक पाथची शुद्धता कुठेतरी दूर लिहिलेल्या एका ओळीवर टेकलेली राहते, आणि 'रजिस्टर_शटडाउन_फंक्शन'ने नोंदवलेले फंक्शन चालते तेव्हा अपाचीसारख्या काही सर्व्हरवर चालू फोल्डर बदललेला असू शकतो. आपले चुकांचे लॉग तेथूनच लिहिले जातात. जो पाथ नेमका काही बिघडले असताना लागतो, तो अशा आधारावर ठेवता येणार नाही.

२७ फेब्रुवारी २०२५

'हेडर.पीएचपी' ॲडमिनच्या पानांत बरोबर जोडली जाते, पण तिच्यातील चित्रे व स्टाइलशीट दिसत नाहीत, अशी तक्रार आली. हा पाथ पीएचपीचा नाहीच. तो ब्राउझरचा आहे. 'चित्रे/चिन्ह.पीएनजी' असे लिहिलेले असेल तर ब्राउझर ते पानाच्या पत्त्यापासून मोजतो, आणि ॲडमिनच्या पानावर ते '/ॲडमिन/चित्रे/चिन्ह.पीएनजी' होते. एकाने तेथे 'ॲप_रूट' लावून पाहिले होते. त्यामुळे सर्व्हरवरील फोल्डरची रचना एचटीएमएलमध्ये उघडी पडली आणि चित्रही आले नाही. नुसता '/' लावणे पुरेसे नाही, कारण काही सहकाऱ्यांच्या यंत्रांवर प्रणाली लोकलहोस्टखालच्या एका उपफोल्डरमध्ये चालते. एचटीएमएलच्या 'बेस' टॅगचा विचार केला, पण तो लावला की '#' ने सुरू होणाऱ्या पानांतर्गत दुव्यांचा अर्थही बदलतो.

म्हणून 'बेस_यूआरएल' हा दुसरा स्थिरांक ठेवला आणि त्याचे मूल्य प्रत्येक यंत्राच्या कॉन्फिगमध्ये लिहायचे ठरवले. विनंतीतील होस्टच्या हेडरवरून ते आपोआप काढावे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु तो हेडर समोरून येतो, कोणीही त्यात काहीही लिहून पाठवू शकतो, आणि क्रॉनमधून ईमेल पाठवताना तर तो नसतोच. स्टाइलशीटच्या आतील पत्ते त्या स्टाइलशीटपासूनच मोजले जातात, म्हणून ते आहेत तसेच ठेवले.

३ मार्च २०२५

चल असलेली इन्क्लूड हाताळली. पत्त्यातून 'पान' हे मूल्य घेऊन त्याला '.पीएचपी' जोडून इन्क्लूड करणारी एक फाइल निघाली. '../' पाठवून तिच्यामार्फत सर्व्हरवरील इतर पीएचपी फाइली चालवता येतात. 'अलाऊ_यूआरएल_इन्क्लूड' मूळ सेटिंगमध्ये बंद असल्याने दूरच्या पत्त्यावरील कोड येत नाही, एवढाच दिलासा. '../' हा मजकूर पुसून टाकणारी गाळणी तेथे होती, पण '....//' असे पाठवले की मधला भाग पुसल्यावर नेमके '../' उरते. गाळणी काढली आणि परवानगी असलेल्या पानांची यादी एका ॲरेमध्ये लिहिली. मूल्य यादीत नसेल तर ४०४.

दस्तऐवज डाउनलोड करण्याच्या ठिकाणी अशी यादी करता येत नाही. तेथे 'रिअलपाथ'ने पाथ सोडवून तो अपलोड फोल्डरच्या आतच आहे ना, हे तपासले जाते. या तपासणीत दोन गोष्टी पाळाव्या लागतात. फोल्डरच्या पाथमागे विभाजक रेषा जोडूनच तुलना करावी, नाही तर 'अपलोड'ची सुरुवात 'अपलोड-जुने'शीही जुळते. तसेच विंडोजवर 'रिअलपाथ' उलट तिरक्या रेषा परत देते, म्हणून तुलनेची दुसरी बाजूही 'रिअलपाथ'मधूनच काढावी. 'डिरेक्टरी_सेपरेटर' हा स्थिरांक संपूर्ण प्रणालीत आता या एकाच ठिकाणी उरला आहे. फाइल नसेल तर 'रिअलपाथ' 'फॉल्स' देते आणि त्याचे रिकामी स्ट्रिंग म्हणून रूपांतर होऊ शकते. तो प्रसंग तुलनेआधीच हाताळला आहे.

'मॉड्यूल' फोल्डरमधील सर्व फाइली 'रीडडिर'ने वाचून एकामागून एक जोडणारा भागही बदलला. विंडोजवर एनटीएफएस त्या नावांच्या क्रमाने देत असे आणि एका मॉड्यूलचे काम नकळत त्या क्रमावर टेकले होते. एक्स्ट४ वर असा क्रम मिळत नाही. आता क्रम कोडमध्ये लिहिलेला आहे.

६ मार्च २०२५

अपलोड केलेल्या फाइलींची देवनागरी नावे. 'ऱ्' हे अक्षर असलेली एक फाइल डेटाबेसमध्ये आहे, डिस्कवरही आहे, दोन्ही नावे पडद्यावर तंतोतंत सारखी दिसतात, आणि तरीही ती सापडत नाही. बाइट तपासल्यावर उलगडा झाला. हे अक्षर यू+०९३१ या एकाच संकेतांकाने लिहिता येते, 'र' आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येते, आणि अर्धे रूप तर 'र', हलन्त व शून्य रुंदीचा जोडक अशा तिसऱ्या प्रकारेही टंकले जाते. लिनक्सला नाव म्हणजे केवळ बाइटांची रांग, त्यामुळे तिच्या लेखी ही तीन वेगळी नावे आहेत. पहिल्या दोन प्रकारांना युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात आणले की ते एक होतात. तिसरा तसाच वेगळा राहतो, कारण प्रमाणीकरण जोडकाला हात लावत नाही.

यावर चतुर उपाय न शोधता डिस्कवरचे नाव प्रणालीने स्वतः द्यावे, असे ठरले: रोमन अक्षरे व अंक यांची यादृच्छिक रांग आणि विस्तार. वापरकर्त्याने दिलेले मूळ नाव डेटाबेसच्या स्तंभात राहील आणि डाउनलोडच्या वेळी तेच दाखवले जाईल. नावाच्या लांबीचा प्रश्नही त्यात सुटला, कारण एक्स्ट४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेतांक ३ बाइट घेतो. म्हणजे ८५ संकेतांक, आणि मात्रा, हलन्त, अनुस्वार वेगवेगळे मोजले जात असल्याने एखाद्या अर्जाचे पूर्ण शीर्षकही त्यात मावत नाही.

११ मार्च २०२५

सर्व्हरवर प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र फोल्डरमध्ये उतरते आणि 'करंट' नावाची सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी नोंद) त्यांपैकी एकीकडे वळवली जाते. चाचणीत नवी आवृत्ती उतरवल्यावर काही विनंत्या थोडा वेळ जुन्याच कोडवर चालत राहिल्या. पीएचपी सोडवलेले पाथ कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवते आणि 'रिअलपाथ_कॅश_टीटीएल'चे मूळ मूल्य १२० सेकंद आहे. ही कॅश विनंत्या हाताळणाऱ्या प्रत्येक पीएचपी-एफपीएम प्रक्रियेची वेगळी असते, म्हणून एक विनंती नवी आणि दुसरी जुनी असा खेळ दिसतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये स्क्रिप्टचा पाथ 'डॉक्युमेंट_रूट'ऐवजी 'रिअलपाथ_रूट' या चलावरून पाठवला. आता सिमलिंक सर्व्हरच सोडवतो आणि पीएचपीला प्रत्येक आवृत्तीचा खरा पाथ मिळतो.

'__डिर__'चा एक परिणाम येथे लक्षात घ्यावा लागतो. तो सिमलिंक सोडवून खरा फोल्डर देतो, म्हणजे 'ॲप_रूट' हा 'करंट' नसून त्या-त्या आवृत्तीचा फोल्डर असतो. कोडसाठी हेच हवे आहे. पण अपलोड आणि लॉग 'ॲप_रूट'च्या आत ठेवले तर ते त्या आवृत्तीसोबत मागे राहतील आणि जुन्या आवृत्त्या पुसताना पुसले जातील. म्हणून 'डेटा_रूट' हा तिसरा स्थिरांक केला. त्याचे मूल्य एन्व्हायर्नमेंट चलातून येते आणि ते नसेल तर बूटस्ट्रॅप तेथेच थांबते. याच कारणाने सामायिक फोल्डरमधून सिमलिंकने आणलेल्या कॉन्फिग फाइलीत '__डिर__' वापरू नये. तो लिंकचा फोल्डर न देता मूळ फाइलीचा फोल्डर देतो.

१३ मार्च २०२५

तपासण्या स्वयंचलित केल्या. टोकनची स्क्रिप्ट आता प्रत्येक कमिटवर (गिटमध्ये बदल नोंदवताना) चालते आणि 'ॲप_रूट', 'डेटा_रूट' किंवा '__डिर__' यांपैकी कशानेही सुरू न होणारा पाथ दिसला की कमिट नाकारते. आज्ञावलीवरच्या सर्व स्क्रिप्ट '/' या फोल्डरमधून चालवल्या जातात, कारण तेथून एकही सापेक्ष पाथ अपघाताने बरोबर ठरत नाही. प्रकल्प ज्या फोल्डरमध्ये उतरवून तपासला जातो त्याच्या नावात मुद्दाम एक जागा सोडलेली आहे. त्यामुळे पीडीएफ बनवणाऱ्या बाहेरच्या आज्ञेला पाथ अवतरणाशिवाय दिला जात होता, हे पहिल्याच फेरीत कळले आणि तेथे 'एस्केपशेलआर्ग' लावले. केवळ लहान-मोठ्या अक्षराने वेगळी असलेली दोन नावे एकाच फोल्डरमध्ये आली तरी तपासणी अडवते.

डेटाबेसमधील जुन्या पाथांचे रूपांतर त्या गटाकडून अजून आलेले नाही. ते आल्यावर प्रत्येक नोंदीचा पाथ 'डेटा_रूट'ला जोडून फाइल आहे का हे तपासणारी एक फेरी चालवायची आहे, आणि ती पूर्ण होईपर्यंत जुन्या यंत्रावरील अपलोड फोल्डर पुसायचा नाही.